सुटी सिगारेट, उधारीची वही आणि तीन वर्षं

भांडुप_स्लो (रविवार, सकाळी 10:20)

मंडळी, येत्या गणपतीत मला सिगारेट सोडून तीन वर्षं होतील. त्याआधी पंचवीस वर्षं ओढली. पहिली कॉलेजच्या कँटीनमागे, शेवटची फोर्टात आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर. या पंचवीस वर्षांत मी अख्खं पाकीट विकत घेतलं असेल फार तर दहा-बारा वेळा. कायम सुटी. आणि या सुटीनेच माझा घात केला असं माझं मत आहे, म्हणून हा धागा.

पाकीट घेणारा रात्री रिकामं पाकीट चुरगळतो तेव्हा त्याला कळतं, आज दहा गेल्या. सुटीवाल्याला कळायचा प्रश्नच नाही. खाली उतरायचं, 'एक दे' म्हणायचं, खांबाला लोंबणाऱ्या जळत्या सुतळीवर पेटवायची, कटिंगचा घोट, झुरका, कटिंगचा घोट, वर. खिशात काही नाही, म्हणजे आपण काही 'तसले' नाही. बायकोने विचारलं, डॉक्टरने विचारलं, विम्याच्या फॉर्मने विचारलं, सगळ्यांना एकच उत्तर: चार-पाच. खोटं बोलतोय असं मनातसुद्धा यायचं नाही.

मग एका जुलैत टपरीवाला पुतण्याच्या लग्नाला गावी गेला आणि मेव्हण्याला बसवून गेला. उधारी आम्ही महिन्याअखेर द्यायचो. मालक आकडा तोंडी सांगायचा, मी फोनवरून पैसे टाकायचो, विषय संपला. मेव्हण्याने सरळ वही माझ्यापुढे धरली. शाळेची शंभर पानी वही, चहाचे गोल डाग, आणि माझ्या नावाच्या जागी लिहिलेलं 'तीसरा माला चश्मा'. खाली रेघा. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. पान संपून पलीकडच्या पानावर. मी बोट ठेवून मोजल्या. 214.

'साब, चाय अलग है,' तो म्हणाला.

कामाचे दिवस सव्वीस. म्हणजे दिवसाला आठ, आणि त्या फक्त ऑफिसखालच्या. स्टेशनबाहेरची सकाळची एक आणि रात्री जेवून 'पाय मोकळे करायला' उतरल्यावरच्या दोन त्या वहीत नव्हत्याच. तेव्हा एक 18 रुपयांना होती. 3,852 रुपये, चाय अलग.

त्या दिवशी सोडली म्हणाल तर नाही. पैसे दिले आणि सवयीने हात पुढे केला, 215 वी तिथेच पेटवली. पण ती रेघ मारताना मी पाहिली.

याआधी तीनदा सोडून झाली होती. लेक झाली तेव्हा आठ दिवस. एकदा 1 जानेवारीला, ती 2 जानेवारीलाच परत. आणि एकदा चांगले अकरा महिने. गावी गणपतीत रात्री पडवीत रमीचा डाव, बाहेर धो धो पाऊस, चुलतभावाने पेटवली आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं. 'अकरा महिने राहिलास की रे, एकाने काय होतंय?' खरंच काही झालं नाही. घशाला लागली, गरगरलं, चव अगदी घाण. तिथेच फसलो. घाण लागली म्हणजे आपण सुटलो, आता कधीमधी चालेल, असा हिशोब केला. दिवाळीत परत आठवर.

म्हणून या वेळी मुहूर्त गणेश चतुर्थीचाच धरला. जिथे पडलो तिथूनच उठू म्हटलं. डॉक्टरकडे जाऊन खरा आकडा सांगितला (अकरा म्हणताना जीभ अडखळली), त्यांनी निकोटीनच्या गोळ्या चघळायला दिल्या. आणि टपरीवाल्याला सांगितलं, माझ्या पानावर आता फक्त चहा.

टपरी मी सोडली नाही. दर वेळी सोडायचो आणि चौथ्या दिवशी एकटा पडायचो, कारण ऑफिसातली सगळी खबर खालीच कळते. ज्यांना टपरी टाळून जमतं त्यांनी जरूर टाळावी, मला नाही जमलं.

चौथीसीट (रविवार, दुपारी 1:05)

वाचनखूण साठवली. सुटीबद्दल शंभर टक्के अनुमोदन. महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी आहे. कारण तुम्ही म्हणता तेच, जरा वेगळ्या शब्दांत: सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचा इशारा दिसतच नाही. 2016 पासून पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा 85 टक्के भाग त्या चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो, पण 'एक दे' म्हणणाऱ्याच्या हातात येते ती नुसती पांढरी नळी. बंदीचं काय झालं ते कोणत्याही नाक्यावर जाऊन बघा.

भांडुप_स्लो (रविवार, दुपारी 1:30)

@चौथीसीट, पाकिटावरचं चित्र मी नीट पाहिलं ते सोडल्यावर, रस्त्यात पडलेल्या पाकिटावर.

कायद्यावरून आठवलं. 2 ऑक्टोबर 2008 पर्यंत आम्ही ऑफिसच्या जिन्यातच ओढायचो. मग सार्वजनिक ठिकाणची बंदी कडक झाली आणि सगळे खाली उतरले. म्हणजे टपरीची मैत्री ही त्या बंदीचीच देणगी! सरकारला हे माहीत नसावं.

परळ_टी_टी (रविवार, रात्री 11:48)

बरेच दिवस रोमात (नुसता वाचत) होतो, आज खास लिहायला आयडी उघडला. वय 41, एकोणीस वर्षं, रोज दहाचं एक पाकीट. परवापासून बंद. आज तिसरा दिवस आणि मी माणसात नाही. डोकं ठणकतंय. मुलाने पाढे चुकवले म्हणून त्याच्यावर असा ओरडलो की तो आईच्या मागे जाऊन उभा राहिला. झोप नाही. खोकला तर ओढत होतो तेव्हापेक्षा जास्त. हे असंच राहणार असेल तर मग काय उपयोग?

लायटर अजून खिशात आहे. वडिलांचा आहे, टाकवत नाही.

दंतमंजन (सोमवार, सकाळी 7:15)

@परळ_टी_टी, तिसरा दिवस सगळ्यांचाच वाईट असतो. पहिले दोन-तीन दिवस त्रास चढतो, मग उतरायला लागतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा निवतो. तुम्ही घाटाच्या माथ्यावर उभे आहात.

मी दाताची डॉक्टर आहे, दवाखाना ठाण्याला. रोज हेच बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खोकला वाढला ते चांगलं लक्षण. श्वासनळीच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक तंतू असतात, ते हलून घाण वर ढकलतात. धुराने ते लुळे पडलेले असतात. आता हलायला लागलेत, साफसफाई चालू आहे. काही आठवडे चालेल. कफात रक्त दिसलं किंवा खोकला महिनाभराने तसाच राहिला तर मात्र छाती तपासून घ्या. तोंडात फोड येतील, पोट साफ होणार नाही, भूक वाढेल. वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं, तयारी ठेवा, घाबरू नका.

झोपेचं. चहा किती पिता? धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफीनचा निचरा भराभर करत असतं. धूर बंद झाला की तो वेग उतरतो, आणि तोच नेहमीचा चहा अंगात जवळपास दुपटीने साचतो. मग धडधड, चिडचिड, रात्री टक्क जाग. माणसाला वाटतं सिगारेटवाचून तडफडतोय, आणि निम्मी करामत चहाची असते. दोन आठवडे चहा निम्मा करा. संध्याकाळनंतर नकोच.

निकोटीनची गोळी (गम) घेत नसाल तर घ्या. 2 एमजीची केमिस्टकडे मिळते. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली पेटत असेल तर सहसा 4 एमजीची लागते, त्यासाठी डॉक्टरला भेटा. हृदयाचा त्रास असेल किंवा पोटुशी बाई असेल तर कुठलीच विचारल्याशिवाय नको. आणि ती च्युइंगमसारखी चावायची नसते! नव्वद टक्के लोक तिथेच चुकतात आणि 'उचक्या लागतात, बकवास आहे' म्हणून फेकून देतात. हळूहळू चावा, जिभेला चरचर झाली की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवा. चरचर गेली की पुन्हा दोन-चार चावे. अशी अर्धा तास पुरते. गोळी तोंडात असताना आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत काही नाही, आंबटपणाने औषध तोंडातून शोषलं जात नाही.

अंगावर चिकटवायची निकोटीनची पट्टी असते. तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्या असतात, त्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर. फुकट मदत हवी तर पाकिटावरच छापलेला नंबर आहे, 1800-11-2356, मराठीतून बोलतात. परळला राहत असाल तर टाटा रुग्णालय दारातच आहे, तिथे तंबाखू सोडवायला वेगळा विभाग आहे. कॅन्सर झाल्यावरच तिथे जायचं असतं असं थोडंच आहे.

लायटर खिशातून काढून कपाटात ठेवा.

नाक्यावरचा (सोमवार, सकाळी 9:40)

गोळ्या, पट्ट्या, हेल्पलाइन... बाजार आहे सगळा. इच्छाशक्ती पाहिजे. मी 2014 साली एका दुपारी पाकीट गटारात टाकलं, परत हात लावला नाही. तलफ आली की सुपारी तोंडात टाकायची, साधी, तंबाखू नाही काही नाही. आजतागायत दिवसाला पाच-सहा पुड्या, एकदम मस्त.

दंतमंजन (सोमवार, सकाळी 9:52)

@नाक्यावरचा, एका दुपारी सोडलीत, खरंच मोठं काम केलंत. आता एक करा. आरशासमोर उभे राहा, तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घाला. जातात का?

नाक्यावरचा (सोमवार, सकाळी 10:30)

अडीच.

दंतमंजन (सोमवार, सकाळी 10:41)

या आठवड्यात कुठल्याही दाताच्या डॉक्टरला तोंड दाखवा. माझ्याकडेच या असं म्हणत नाही, जो जवळ असेल तो. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तिला तंबाखूच्याच पंक्तीत बसवलंय. सुपारीने गालाची आतली बाजू ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं, तिखट लागेनासं... म्हणजे तिखट सोसेनासं होतं. तोंडात काहीतरी पाहिजेच असेल तर लवंग, बडीशेप, ज्येष्ठमध. पुडी आजच बंद.

नाक्यावरचा (सोमवार, सकाळी 10:44)

तिखट खरंच सोसत नाही हल्ली. बायकोला वाटलं मसाला बदलला.

जातो.

कोकमसरबत (सोमवार, दुपारी 3:20)

सिगारेटचा धागा आहे पण जरा अवांतर करते. महाराष्ट्रात 2016-17 च्या पाहणीत धूम्रपान करणारे 3.8 टक्के निघाले आणि धुराविना तंबाखू घेणारे 24.4 टक्के. म्हणजे खरा महाराष्ट्र या धाग्यावर आलेलाच नाहीये.

माझी आई मशेरी लावायची. लालबागच्या चाळीत दुपारी सामसूम झाली की लोखंडी तव्यावर तंबाखू भाजायची, काळीकुळकुळीत होईपर्यंत. तो वास मजलाभर, शेजारच्या काकू शिंकत शिंकत 'माझी पण भाज गं' म्हणून मूठभर आणून द्यायच्या. मग चुरून डबीत. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, कपडे धुताना एकदा. व्यसन हा शब्द आमच्या घरात वडिलांच्या बिडीसाठी होता, आईची मशेरी म्हणजे दात घासणं.

साठीला पोचल्यावर तिच्या हिरडीवर पांढरा चट्टा दिसला. नशिबाने तेवढ्यावर निभावलं. डॉक्टरने सोडायला सांगितली तर म्हणाली, 'मग मी कपडे कशी धुऊ?' आम्ही हसलो होतो. नंतर कळलं की ती अगदी शब्दशः म्हणत होती. डबीशिवाय मोरीत बसली की तिला काम सुचेना. शेवटी आम्ही कपड्यांची वेळच बदलली, सकाळऐवजी संध्याकाळी, मालिका लावून. डबीत आता ओवा असतो. तिला अजून तीच डबी लागते.

भांडुप_स्लो (सोमवार, रात्री 9:10)

@कोकमसरबत, अवांतर कसलं, मला जे सांगायचं होतं आणि नीट जमलं नाही ते तुमच्या आईने एका वाक्यात सांगितलंय.

मी भांडुपहून सीएसएमटीला स्लोने जातो, पन्नासेक मिनिटं. पंचवीस वर्षांत त्या पन्नास मिनिटांत मला कधी तलफ आली नाही. गाडीत ओढता येत नाही हे शरीराला पाठ होतं. सीएसएमटीच्या आधीचं मशीद बंदर सुटलं की हात खिशाकडे जायला लागायचा, फलाटावर पाय पडेपर्यंत जीव कासावीस. निकोटीनच सगळं करत असेल तर त्याला मशीद बंदर कसं कळतं?

सोडल्यावर मग तलफ स्टेशनांत मोजायला लागलो. एक तलफ तीन ते पाच मिनिटं टिकते असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे भांडुप ते कांजूर. फार तर विक्रोळी. ऑफिसात खुर्चीत बसून मनातल्या मनात म्हणायचो, 'अगला स्टेशन विक्रोळी', आणि खरंच उतरायची. हसा, पण माझी तीन वर्षं अशीच निघालीत.

रातपाळी (मंगळवार, पहाटे 4:35)

शिफ्ट संपता संपता लिहितेय. मी मालाडला काम करते, बारा वर्षं ओढली, दीड वर्षापूर्वी सोडली. बाईने सोडायची अडचण कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. माझ्या घरी कुणाला माहीतच नव्हतं की मी ओढते. त्यामुळे सोडली तेव्हा चिडचिड कशाची ते सांगायची सोय नाही. आईला वाटलं लग्नाचं टेन्शन. मावशीने दोन स्थळं आणली!

पुरुष टपरीवर सोडली म्हणाला की पाठीवर थाप पडते. मला टपरीवर आधीच सगळे वळून बघायचे, सोडल्यावर बघायचे थांबले, एवढाच फरक. शेवटी हेल्पलाइनवाल्या बाईंना फोन केला तो सल्ल्यासाठी नाही, कुणालातरी 'आज वीस दिवस झाले' सांगता यावं म्हणून. त्या 'अरे वा' म्हणाल्या. मी मोबाइल हातात धरून बसस्टॉपवर रडले.

चौथीसीट (मंगळवार, सकाळी 8:50)

@रातपाळी, उशिराने का होईना, दीड वर्षाचं अरे वा! आणि स्थळांचं काय झालं तेही कळवा.

कुणीतरी व्यक्तिगत निरोपात व्हेपबद्दल विचारलंय. ई-सिगारेट आपल्याकडे 2019 पासून बंद आहे, विकायलाही आणि मागवायलाही. चोरून मिळते, पण आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पुढे.

परळ_टी_टी (शनिवार, रात्री 12:10)

नववा दिवस. ओढली.

गोळ्या घेत होतो, चहा निम्मा केला होता, झोपही लागायला लागली होती. आज दुपारी सगळ्यांसमोर साहेबाने एका चुकीवरून झापलं, जी माझी नव्हती. खाली उतरलो, एक घेतली. फिल्टरपर्यंत ओढली. मग अजून एक. आता हात धुतले तरी बोटांना वास येतोय. धागा वाचायचीही लाज वाटतेय.

भांडुप_स्लो (शनिवार, सकाळी 6:55)

लाज कसली? मी अकरा महिन्यांनी पडलो, तू नऊ दिवसांनी, तुझा तोटा कमी आहे.

माझी चूक ऐक. पडवीतल्या त्या एका सिगारेटने मी परत अडकलो नाही. दुसऱ्या दिवशी कुणाला सांगितलं नाही, त्याने अडकलो. बायको अभिमानाने सगळ्यांना अकरा महिने सांगत होती आणि मी मान डोलवत होतो. तू रात्री बाराला इथे येऊन लिहिलंस.

आणि झापल्याचं म्हणशील तर माझ्यावरही असा दिवस आला होता, सोडून चार महिने झाले असतील. पगारवाढीचं पत्र हातात आलं, आकडा वाचला, सरळ खाली. टपरीवाल्याला म्हटलं एक दे. तो वहीत बघून म्हणाला, 'आपके पन्ने पे सिर्फ चाय है. सिगरेट चाहिए तो नगद.' माझा फोन वर चार्जिंगला, पाकीट बॅगेत. तीन मजले चढून जायचं, परत उतरायचं. मी तिथेच उभा राहून त्याला शिव्या घातल्या, कटिंग प्यायलो. तोवर विक्रोळी आलं.

मोजणी उद्या नको, आत्ता सुरू कर. गोळ्या चालू ठेव.

दंतमंजन (शनिवार, सकाळी 8:20)

बहुतेकांना सुटायला एकाहून जास्त खेपा लागतात, हे मी सांत्वन म्हणून सांगत नाहीये. नऊ दिवस वायाही गेले नाहीत. काय केलं की पडता ते आता तुम्हाला माहीत झालं: साहेब आणि जिना. पुढच्या वेळी झापलं की खाली नाही, वर गच्चीत जा. आणि डॉक्टरला भेटाच, गोळीचा डोस कमी पडत असेल.

नाक्यावरचा (शनिवार, सकाळी 11:00)

तोंड दाखवून आलो. सुरुवात आहे म्हणाले. पुड्या बंद, तोंडाचे व्यायाम दिलेत, आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरायच्या, दर आठवड्याला काडी वाढवायची. इच्छाशक्तीबद्दल जे वर लिहिलं ते तसंच राहू द्या, पण पुडी सोडून सहावा दिवस आहे आणि माझं डोकं फुटतंय. @परळ_टी_टी, सोबतीला आहे मी.

परळ_टी_टी (सोमवार, रात्री 10:15)

खूप दिवसांनी. नवीन मोजणीने आज 31.

4 एमजी चालू आहे, दिवसाला आठवरून पाचवर आलोय. साहेबाने अजून दोनदा झापलं, दोन्ही वेळा गच्चीत गेलो, तिथे वॉचमन तुळशीला पाणी घालत असतो, त्याच्याशी ओळख झाली. खोकला जवळजवळ गेला. मुलगा काल माझ्या मांडीवर बसून म्हणाला, 'बाबा, तुम्हाला आता साबणाचा वास येतो.' पॅन्ट मात्र घट्ट होतेय.

एकच प्रश्न उरलाय. वडिलांचा लायटर कपाटात आहे. ते गेले छातीच्या दुखण्यानेच. बायको म्हणते टाकून दे. टाकवत नाही, आणि कपाट उघडलं की दिसतो.

भांडुप_स्लो (सोमवार, रात्री 10:32)

देवघरात ठेव. गणपतीत निरांजन लावायला लागतोच, आणि काडेपेटी कायम ओली असते.